केळ्याचा वास

"वास येतोय का?" प्रशिक्षकाने बाहेरून ओरडून विचारलं.

धाकटी जाऊ खुर्चीवर बसली होती. तोंडावर रबरी मास्क, डोक्यावरून खांद्यापर्यंत पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीच्या आत दोऱ्याला टांगलेला कापसाचा बोळा. बोळ्यावर औषधाचे थेंब टाकले होते. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो, हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. मास्क घट्ट बसला तर वास येणार नाही. आला तर मास्क गळतोय, म्हणजे उमेदवार नापास.

"येतोय, सर," धाकटी म्हणाली.

प्रशिक्षकाने पट्टे आवळले. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मास्क सगळे एकाच मापाचे आले होते, पुरुषांच्या चेहऱ्याला बेतलेले. धाकटीचा चेहरा मुठीएवढा. त्याने पिशवी काढली आणि हात हलवला. "नापास. पुढच्या या."

"'नाही' म्हणायला काय जीभ झडली असती?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"आणि मग ते विष नाकात घेऊ?" धाकटीने विचारलं. रांग हसली.

विष म्हणजे वस्तीला लागून असलेल्या रंगाच्या कारखान्याचं. कारखाना बंद पडला, वस्तीतले पुरुष घरी बसले, पण जमिनीत आणि खालच्या टाक्यांत वर्षानुवर्षांचा गाळ तसाच राहिला. आता कुठे सरकारला जाग आली होती. गाळ काढायचा आणि ते काम वस्तीतल्याच बेकारांना शिकवून द्यायचं, असं ठरलं. मात्र एका घरातून एकच माणूस. दोघी जावांनी प्रशिक्षण पूर्ण केलं होतं. थोरलीचा नवरा खोकून खोकून खाटेला लागला होता. धाकटीला या वस्तीतून बाहेर पडायचं होतं.

ती गेल्या वर्षी लग्न होऊन इथे आली. पहिल्याच दिवशी उंबऱ्यात तिने नाकाला पदर लावला. "कसला वास हा?" असं तिने विचारलं, तेव्हा घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणालाच कसला वास येत नव्हता. तेव्हापासून तो पदर गल्लीच्या थट्टेचा विषय झाला. "आमच्या धाकटीबाई नाकाने कांदे सोलतात," थोरली चारचौघींत सांगायची. दूध करपलं की धाकटी नळावरून धावत यायची आणि थोरली तिथेच चुलीपाशी गप्पा मारत उभी असायची. त्यावरही बोलणी धाकटीलाच. "नाक आहे की काय आहे गं तुझं?"

आता थोरली खुर्चीवर बसली. पिशवी चढली.

"वास येतोय का?"

"नाही, सर."

"मान डावीकडे. उजवीकडे. वर बघा. आता?"

"नाही, सर."

थोरलीने मान वर केली तेव्हा धाकटीला स्पष्ट दिसलं. मास्क आणि हनुवटी यांच्यात बोट जाईल एवढी फट होती.

"शाब्बास! पास," प्रशिक्षक म्हणाला. टाळ्या पडल्या.

थोरलीने धाकटीला वर्षभर छळलं होतं, पण आता धाकटीला भीती वाटत होती ती थोरलीसाठीच. ती पुढे झाली. "सर, मास्क सैल आहे. ताईंना वास येतच नाही. दूध जळलं तरी कळत नाही. या वस्तीत कुणालाच कळत नाही."

"जळतेस गं माझ्यावर!" थोरली कडाडली. "हातातोंडाशी आलेला घास हिसकावतेस?"

प्रशिक्षकाचे कान लाल झाले. मास्क लावण्याआधी प्रत्येकाला उघड्या नाकाने वास देऊन बघायचा, असा नियम होता. त्याने तो पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवला होता. केळ्याचा वास कुणाला येत नाही? त्याने बाटलीचं बूच काढलं. गोड, उग्र वास खोलीभर पसरला आणि त्याने स्वतःच तोंड फिरवलं. धाकटीने पदर नाकाला लावला. रांगेत कुणी नाकही मुरडलं नाही. त्याने बाटली थोरलीच्या नाकाखाली धरली.

"बाई, खरं सांगा. काही येतंय?"

थोरली ताठ उभी राहिली. याच उत्तरावर ती आत्ता पास झाली होती. तिने छाती भरून श्वास घेतला.

"अजिबात नाही, सर!"

प्रशिक्षकाने रांगेकडे पाहिलं. सगळे एकाच वस्तीतले. धाकटी सोडून आतापर्यंतचा प्रत्येक जण पास. त्याने बूच लावलं, पण बाटली खाली ठेवली नाही.

दारात मुकादम उभा होता. तो मघापासून ऐकत होता. "सर, ह्या बाईंना मला द्या," तो म्हणाला. "खालच्या टाकीत उतरायला माणूस मिळत नाही. बाहेरून आणलेले वास आला की शिडीवरून वर पळतात. ह्या टिकतील."

प्रशिक्षकाने बाटली टेबलावर ठेवली.

"पास," तो म्हणाला. "पुढच्या या."

थोरलीचे डोळे भरून आले. आजवर कुणी तिला असं मागून घेतलं नव्हतं. तिने मास्क पोटाशी धरला आणि जाता जाता धाकटीसमोर थांबली. धाकटीचा पदर अजून नाकावरच होता.

"बघितलंस?" थोरली म्हणाली. "नाक असावं तर असं."