एका घरात दोन फ्रीझर

फॉर्मवर महत्त्वाचे रकाने दोनच होते: लग्नाची तारीख, आणि त्या दिवशी नवराबायको एकमेकांना जे म्हणाले ते शब्द. एमेटने दोन्ही घरूनच भरून आणले होते. व्हर्नाने चष्मा लावला, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

"तू हे कधी बोललास?"

एमेट भिंतीवरच्या नंबरप्लेटींकडे बघत राहिला. दुकान रोझलीचं. गाड्यांच्या पाट्या आणि कागदपत्रं करून देता देता ती शपथपत्रांवर शिक्केही मारायची. पाट्यांच्या वर घड्याळ होतं, त्यात चारला वीस मिनिटं कमी होती. पाचच्या आत हा कागद फॅक्सने गेला नाही, तर एमेटच्या कारखान्याच्या विम्यातून व्हर्नाचं नाव निघणार होतं. आणि मंगळवारी तिच्या हृदयाची झडप बदलायची होती.

कारखान्याला यंदा हुक्की आली होती. ज्यांनी ज्यांनी बायकोचं नाव विम्यात घातलंय, त्यांनी लग्नाचा दाखला आणावा. यांच्याकडे दाखला कुठला? बावीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात व्हर्ना सामान घेऊन एमेटकडे राहायला आली, आणि गाव तिला एमेटची बायको म्हणू लागलं. दोघांनीही कधी ना म्हटलं नाही. पेनसिल्व्हेनियात तेव्हा चर्च, कागद काही लागत नसे. आजपासून आपण नवराबायको, असं एकमेकांना सांगितलं की झालं. पुढे सरकारने ती सोय बंद केली, पण जुनी लग्नं मोडली नाहीत. फक्त ते शब्द खरंच बोललेले असायला हवेत, आणि तसं शपथेवर सांगायला हवं.

एमेटने लिहिलं होतं, 'मी तुला बायको म्हणून स्वीकारतो.' तारीख १ डिसेंबर २००३.

हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला सोमवार. या माणसाला लग्नाची तारीखही शिकारीवरूनच आठवावी, याचं व्हर्नाला नवल वाटलं नाही. राग आला तो त्या वाक्याचा. हेच वाक्य ऐकायला ती बावीस वर्षं थांबली होती, आणि ते मिळालं कुणाला, तर विमा कंपनीला.

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा घड्याळ बघितलं. रोझली आणि ती दर गुरुवारी चर्चच्या तळघरात शेजारी बसून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरायच्या; त्यामुळे रोझलीने मैत्रिणीच्या हक्काने समजावून पाहिलं: एवढासा कागद, कोण आलंय बघायला, सही कर आणि मोकळी हो.

"शपथ घ्यायची आहे, रोझली. मंगळवारी छाती उघडणारेत माझी. खोटं बोलून त्या टेबलावर नाही जायचं मला."

"अगं, पण सही नाही केलीस तर टेबलापर्यंत जाशील कशी?"

व्हर्ना एमेटवर घसरली.

"त्या दिवशी तू हात हलवत परत आलास. हरीण नाही की ससा नाही. गॅरेजमध्ये उभा राहून काय म्हणालास, ते सांग हिला."

एमेटचे कान लाल झाले. त्याचं तोंड उघडायला मुहूर्त बघावा लागतो, हे दोघींनाही माहीत होतं.

"फ्रीझर विक म्हणालो."

रोझलीला हसू आवरेना.

"माझा फ्रीझर," व्हर्ना म्हणाली. "स्वतःच्या पैशाने घेतलेला. शिकार मिळाली नाही, तर राग माझ्या फ्रीझरवर. त्याने तुझं काय घोडं मारलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही."

"आणलास तसा दोरीने बांधलेलाच ठेवला होतास तू," एमेट म्हणाला. "सहा महिने. मी रोज गाडी लावताना बघायचो. मला वाटायचं, ही जायच्या तयारीत आहे." तो थांबला. आता संपलं असं दोघींना वाटलं, तेवढ्यात पुढे म्हणाला, "एका घरात दोन फ्रीझर कशाला, म्हणालो. तू बरं म्हणालीस. मी आत जाऊन बूट काढले. मला वाटलं, झालं लग्न."

व्हर्ना येऊन त्याच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. म्हणजे जे ऐकायला ती जन्मभर थांबली होती, ते तिने ऐकलं होतं, त्याला बरंही म्हटलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात फ्रीझर साठ डॉलरला देऊनही टाकला होता. तिला रडू आलं. ते रोझलीसमोर आलं, याची चीडही आली.

तिने एमेटच्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'तो म्हणाला, एका घरात दोन फ्रीझर कशाला. मी म्हणाले, बरं.'

रोझलीने कागद फिरवून वाचला. "यात नवरा नाही, बायको नाही. नाही धरलं त्यांनी तर?"

"जे झालं ते लिहिलंय," व्हर्ना म्हणाली. पण तिला भीती वाटत होती, साधी मरणाची भीती. मांडीवरचा डावा हात गार पडला होता.

चार वाजून गेले होते. रोझलीने शिक्का जवळ ओढला, चेहरा सरकारी केला आणि दोघांना उजवा हात वर करायला सांगितलं. व्हर्नाने केला. एमेटने डावा केला.

"उजवा, एमेट."

"तो मोकळा नाही," एमेट म्हणाला.

रोझलीने जरा वाकून टेबलाखाली पाहिलं. मग तिने त्याला डावा हात वर ठेवूनच शपथ घेऊ दिली, आणि शिक्का मारला.