सतरावा खेळ

"परवा पल्टूचा दर्भाचा पुतळा जाळायचा, आणि आमच्या मातोश्री चालल्या सिनेमाला!" भवतोषने श्राद्धाच्या सामानाची यादी पाटावर आपटली. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. सहापर्यंत येते मी," क्षीरोदा म्हणाली. तिने पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, नारळाच्या लाडवांची पुरचुंडी उचलली आणि निघालीसुद्धा.

"कितवी वेळ?" भवतोषने बायकोला विचारलं.

"सोळावी. तिकिटांपायी पानाचा पितळी डबासुद्धा विकला त्यांनी. काही म्हणा, पण चेहऱ्यावर कसं तेज आलंय बघा," लतिका म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

पल्टू म्हणजे भवतोषचा धाकटा भाऊ. फाळणीनंतर बरिशाल सोडून ही मंडळी कलकत्त्याला निघाली, तेव्हा वाटेत एका स्टेशनावर तो पाणी आणायला उतरला आणि त्या गर्दीत जो गेला तो गेलाच. याला आता बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस गेला असं धरायचं आणि पुतळा जाळून त्याचं श्राद्ध घालायचं, असं पुरोहितांनी सांगितलं होतं. शुक्रवारचा मुहूर्त होता. फक्त आईने हो म्हणायचं बाकी होतं, आणि आई म्हणत होती, "शुक्रवारी सकाळी सांगते."

तिला पल्टू दोनदा सापडला होता. एकदा निर्वासितांच्या छावणीत आणि एकदा राणाघाटच्या बाजारात. दोन्ही वेळा माणूस भलताच निघाला. दुसऱ्याने तर आठ दिवस यथेच्छ भात-माशांवर ताव मारला आणि भवतोषची छत्री घेऊन पोबारा केला. तेव्हापासून भवतोषने आईला शपथ घातली होती, "आता तिसरा पल्टू मला सांगायला येऊ नकोस. माझ्यात ताकद नाही." तिने शपथ पाळली होती.

आणि आता हे सिनेमाचं खूळ!

सुरुवात कॉलनीतल्या बायकांनी केली. घरदार सुटलेल्या एका कुटुंबावरचा सिनेमा होता. "आपलीच कहाणी आहे गं," म्हणत सगळ्या हातरुमाल घेऊन गेल्या. लाबण्यमासी तर दारोदार सांगत सुटली, "स्टेशनातली गर्दी खरी आहे हो! ठिकठिकाणच्या छावण्यांतून माणसं धरून आणलेली. माझ्या मावसभावाची पाठ दिसते. आता नावं कोण विचारतो त्यांची!" स्टेशनाचं दृश्य आलं आणि सगळं थेटर हुंदके द्यायला लागलं. क्षीरोदा मात्र खदाखदा हसली. बायकांनी तिला चिमटे काढून गप्प बसवलं. दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच जायला लागली, अगदी रोज.

"ठाकुमा, नायिकेचं नाव काय गं?" नात मिनती मुद्दाम विचारायची.

"कोण नायिका?"

"अगं, पंधरा वेळा बघितलंस ना!"

"असेल एखादी. रडत असते सारखी."

यावर मिनती पोट धरून हसायची. भवतोषला हसू येत नव्हतं. दुःखाने आईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

गुरुवारी सिनेमाचा शेवटचा खेळ. शहरातल्या बाकीच्या थेटरांतून तो कधीच उतरला होता. इथेही आता फक्त दुपारीच लावत होते. क्षीरोदा पहाटे उठून ताजे लाडू वळायला बसली.

"श्राद्धाचे ना हे?" लतिकाने विचारलं. "पल्टूभावजींना फार आवडायचे म्हणे."

"फार. जत्रेच्या नाटकात सीता झाला होता, तेव्हा बावीस खाल्ले होते. आणि दुसऱ्या दिवशी घरोघर हिंडला, 'मी दिसलो का? कसा दिसलो?' असं विचारत." म्हातारी मान हलवत हसली. "मेला लहानपणापासून असाच."

त्या दुपारी भवतोष स्वतः तिच्याबरोबर गेला. खेळ सुटला की तिथूनच तिला पुरोहितांकडे न्यायचं, असं ठरवून यादी खिशात घेतली होती. आईने दाराला लागून, अगदी कडेची जागा धरली.

स्टेशन आलं. तीच गर्दी, तीच गाठोडी, तोच आरडाओरडा.  भवतोषने रुमाल डोळ्यांवर दाबला.

"डोळे उघड. बघ ना!" आईने कोपर मारलं.

"नाही बघवत, आई."

"नेहमीचा रडका तू!" ती म्हणाली, आणि मग तिने पडद्याकडे पाठच केली. उरलेला सगळा वेळ ती अंधारात बसलेल्या लोकांकडे बघत होती. भवतोषला ते बघून आणखीच रडू आलं.

दिवे लागायच्या आधीच ती उठून बाहेर गेली आणि दाराशी उभी राहिली. लोक डोळे पुसत बाहेर पडू लागले. भवतोष तिला शोधत आला आणि त्याने तिचा हात धरला.

"चल आई, पुरोहित वाट बघतायत. हो म्हण आता. सोडू या त्याला."

"थांब. अजून माणसं आहेत आत."

सगळ्यात शेवटी एक ढेरपोट्या गृहस्थ आला. त्याच्या दोन्ही हातांना एकेक मूल लोंबकळत होतं आणि मागून बायको येत होती. सगळ्या गर्दीत रडत नसलेला तेवढा एकच.

"दिसलो ना?" तो मोठ्याने विचारत होता. "डोक्यावर ट्रंक घेऊन हसतो, तो मी! नीट दिसलो ना?"

"दिसलात हो!" बायको वैतागली होती. "चार थेटरांतून दिसलात. आता आणखी कोणाला विचारणार आहात?"

क्षीरोदाने भवतोषच्या हातातून आपला हात सोडवला, पुरचुंडी उघडली आणि त्या माणसाच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"सतरा वेळा बघितलं, पल्टू. केस तेवढे विंचरायचे होतेस!"