जेलरसाहेबांचा कैदी

पडद्यावरच्या कैद्याने पीठ मळायच्या परातीने सहा पहारेकरी लोळवले, तसे रिटायर्ड जेलर रणपिसेसाहेब खुर्चीतून उठून टाळ्या पिटू लागले.

"अहो, बसा खाली, गुडघा धरून बसाल मग!" इंदुबाई म्हणाल्या.

हा सिनेमा आला कधी आणि गेला कधी, गावात कुणालाच कळलं नव्हतं. साहेबांचा मात्र त्याच्यावर भारी जीव. दर रविवारी जेवण झालं की तोच लावायचा, हाणामारी डोळे भरून बघायची आणि कैद्याने तुरुंगाच्या भिंतीला हात लावला रे लावला, की टीव्ही बंद!

"माझ्या हातून एक कैदी निसटला नाही. हाही निसटणार नाही," असं बजावून साहेब दिवाणावर घोरू लागायचे.

मग इंदुबाई हळूच उरलेला सिनेमा लावायच्या. त्यांचा उभा संसार जेलच्या क्वार्टरमध्ये, तसल्याच भिंतीकडे बघत झालेला. कैद्याने पलीकडे उडी मारली की त्यांनाच मोकळं वाटायचं.

आज आवाज जरा मोठा राहिला. कैदी भिंतीवर चढला आणि साहेबांना जाग आली. इंदुबाईंनी रिमोट पदराखाली लपवला. तेवढ्यात खालून एका पहारेकऱ्याने कैद्याचा पाय धरला.

"अरे बघतोस काय? घाल लाथ त्याला!" साहेब ओरडले.

कैद्याने लाथ घातली आणि पलीकडे उडी घेतली. साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"जरा मागे घे गं," ते हळूच म्हणाले. "उडी नीट दिसली नाही."