दरडीखालची ऊब

दरड कोसळलेल्या उतारावर पेरलेले सेन्सर मातीतली ऊब मोजत होते आणि तंबूत बसलेली मृदुला त्या आकड्यांवर व्हेरिओग्रामचं, म्हणजे अंतरागणिक ऊब किती बदलते ते दाखवणाऱ्या रेषेचं, प्रारूप बसवत होती. त्यात दोन रचना एकात एक दडलेल्या असत: एक दूरवर पसरलेली, उन्हाची, दुसरी हातभर अंतरातच विरणारी, जिवंत माणसाची. सकाळी ती दुसरी स्पष्ट दिसली, म्हणूनच तिथे खणणं चाललं होतं.

शेजारी कोंडाजी असवले बसले होते. खणणं चाललं होतं तिथेच, दरडीखाली, त्यांची लेक चिमा होती.

दुपारी नवे आकडे आले. मृदुलाने छोटी, माणसाची रचना बसवून पाहिली, पुन्हा पाहिली. रेषा आता एकट्या उन्हावरच नीट बसत होती.

"हाये ना अजून?" कोंडाजींनी विचारलं.

तिला हो म्हणावंसं वाटलं. "नाही, काका. आता नुसती मातीची ऊब उरलीय."

त्यांनी पडद्यावर ओढ्यापलीकडच्या भागावर बोट ठेवलं.

"आन् वढ्यापल्याड?"

"तिथे अजून कुणीतरी आहे."

कोंडाजी उठून उतारावर गेले. खणणाऱ्यांना म्हणाले, "हितलं ऱ्हाऊ द्या. पल्याड चला."

माणसं जागची हलेनात, तेव्हा त्यांनीच एक फावडं खांद्यावर घेतलं आणि ओढ्याकडे चालू लागले.