घोटलेली भुई

पिल्लू तळहातावर उताणं पडलं होतं आणि देवकाबाई त्याच्या दोन्ही पायांना मिळून लोकरीचा धागा बांधत होती. बटेराचं पिल्लू ते, कालच अंड्यातून निघालेलं, लिंबाएवढंही नाही. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. धागा आवळला तर पाय मोडायचा, सैल सोडला तर पुन्हा फाकायचा.

"बारदाना अंथर म्हणून पोरगा फोनवर बोंबलून सांगे," गोपीचंद दारातून बायकोला म्हणाला. "आयकलं काहून नाही?"

"लहानशी लेकरं हायेत जी. टोचलं असतं त्यायले."

आता काय बोलावं या बाईला! सारवणात तिचा हात धरणारं आसगावात कोणी नाही. पिल्लं निघणार म्हटल्यावर तिनं खोलीचा कोपरा शेणामातीनं सारवला आणि वरून गोटा घेऊन घोट घोट घोटला. नव्या जिवाला चांगली भुई नको? भुई झाली देखणी, पण पिल्लांच्या नखांना तिच्यावर पकडच मिळेना. उठायला गेली की घसरत, घसरली की पाय फाकत. सकाळी पाहते तर सगळी बेडकासारखी पसरलेली. तेव्हा कुठं बाई धावली आणि धानाचा रिकामा बारदाना आणून अंथरला.

त्या खरबरीत बारदान्यावर निम्मी सावरली. बाकीच्यांचे पाय बांधत ती दुपारपासून बसली होती, पाण्याचा घोटही न घेता.

दिवाळीत पोरानं, प्रफुल्लनं, अंडी उबवायची मशीन आणून ठेवली होती. पुण्याला कंपनीत परत निघताना म्हणाला होता, "माय, ही पहिली खेप उभी झाली ना, तर नोकरी सोडतो. घरीच बटेरं पाळू." तेव्हापासून देवकाबाईनं त्या मशीनीला घरच्या देवापेक्षा जास्त जपलं. पोरगा घरी यावा, समोर बसून दोन घास खावेत, खोलीतून त्याच्या घोरण्याचा आवाज यावा. दुसरं काही तिला नको होतं.

फोन वाजला. प्रफुल्लच होता, व्हिडिओवर. चेहरा वाळला होता पोराचा.

"माय, उभी झाली का पिल्लं?"

"झाली ना." तिनं फोन बारदान्यावरून फिरवला. "पाह्य कशी पळून राहिली."

"हे तं निम्मीच दिसते. बाकीची?"

देवकाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. गोपीचंदनं मान दुसरीकडे वळवली.

"साहेब विचारून राहिला मले," प्रफुल्ल म्हणाला. "राहतो का जातो, ते उद्या सांगाचं हाये. खरं सांगजो माय."

तिनं धागा बांधलेलं पिल्लू बारदान्यावर ठेवलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. पिल्लू उभं होतं. मान ताठ, डोळे टकटकीत. प्रफुल्लनं चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"माय," तो हळूच म्हणाला, "त्याच्या पोटाखालचं बोट काढ."

देवकाबाईचं बोट हललं नाही.

"तू घरी आला म्हंजे काढीन," ती म्हणाली.