बिनसाखरेची कॉफी

ह्या सलामाला अक्कल कधी येणार, देव जाणे. सकाळी फथिया बाहेर आली, तर दिराने अंगणभर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लावलेल्या. वर किटलीत बिनसाखरेची काळी कॉफी आणि परातीत खजूर. असा थाट कुठल्या घरी करतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मयताच्या.

"कोण मेलंय रे?"

"वहिनी, नॉर्वेच्या बाई येतायत, मानवी हक्कवाल्या. गाव गोळा होणार. लोकांना काय जमिनीवर बसवू?"

तिचा धाकटा, नाइल, इस्रायलच्या तुरुंगात. लष्करी कोर्टातला निकाल अजून लागायचा होता. आणि आज तिकडे संसदेत, त्याच्यासारख्या पॅलेस्टिनी कैद्यांना फाशी द्यायच्या कायद्यावर मतं पडायची होती. आधी पकडलेल्यांना तो लागू होईल की नाही, ते वकीलही सांगेना.

माणसं येऊ लागली. खुर्च्या दिसल्या की त्यांचे आवाज आपोआप खाली जात. "देव बळ देवो," म्हणत जो तो फथियाचा हात दाबून बसे. बायकांनी तर ओढण्यांची टोकंच डोळ्यांना लावली. कुणाचा फोन वाजला की सगळं अंगण श्वास रोखून धरी.

नॉर्वेची बाई म्हणाली, आमच्या संस्थेने ह्या कायद्याला लेखी विरोध कळवलाय. सलामाने भाषांतर केलं.

"विचार तिला," फथिया म्हणाली, "त्या कागदानं फाशीचा दोर कापता येतो का?"

सलामा काहीतरी गुळमुळीत बोलला. बाई गोड हसली.

"असं काय सांगितलंस रे, की तिला हसू आलं?"

सलामा खजुराची परात सारखी करत बसला. बाईने कॉफीचा कप ओठांशी नेला. फथियाने तो तिच्या हातातून काढूनच घेतला. घरात गेली, साखरेचा डबा घेऊन आली. चमचा भरून कपात ओतला. पुन्हा एक ओतला. ढवळून कप बाईला परत दिला.

मग एक रिकामी खुर्ची उचलून दुसरीवर आपटली.

"तुझा सख्खा भाऊ, माझा नवरा गेला, तेव्हा ह्याच खुर्च्या तू दुपार कलल्यावर आणल्या होत्यास, सलामा. आणि माझ्या जित्या पोरासाठी पहाटेच?"