कंपनीचाच माणूस

“मॅडम, आमचे जुने स्टोरेज सर्व्हर बंद होतायत. डिस्क महागल्या, वीज महागली. महिनाअखेरपर्यंत नव्या प्लॅनवर आला नाहीत, तर तुमचा डेटा पुसला जाईल.”

मला हसू आलं. असल्या भामट्यांचे फोन रोज येतात. “आता ओटीपी मागणार ना?”

“नाही हो. मी खरंच कंपनीतून बोलतोय.”

“कशावरून?”

त्याने माझ्या प्लॅनचं नाव सांगितलं. ते काय, बाजारात कुणालाही मिळतं, असं मी सुनावलं. मी समुपदेशक आहे. माणसं घरात जे बोलू शकत नाहीत, ते माझ्यासमोर बोलतात. त्यांना विचारून केलेली ती रेकॉर्डिंग्ज मी त्याच सर्व्हरवर ठेवते. तुमच्याशिवाय ती कुणालाही उघडता येणार नाहीत, असा कंपनीचा शब्द होता. फोनवरच्या कुणाच्या भरवशावर मी त्यातली एक फाईलही हलवणार नव्हते.

“पुरावा द्या, नाहीतर फोन ठेवा.”

तो पुरता वैतागला. “मॅडम, त्या मंगळवारच्या बाई नवऱ्याचं नाव निघालं की गप्प होतात आणि नुसत्या बांगड्या वाजत राहतात. बाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार? आता तरी पटलं?”

“पटलं,” मी म्हणाले. माणूस कंपनीचाच होता.

तेवढ्यात बेल वाजली. आज मंगळवारच होता. त्या बाई आत आल्या, हातातल्या बांगड्या मागे सारत बसल्या आणि नेहमीसारखं त्यांनी आधी विचारलं, “मॅडम, हे दुसरं कुणी ऐकत नाही ना?”